अनोळखी फाइल पुसण्याआधी तिची ओळख पटवा

प्रश्न जुळे सोलापुरातील एका कुटुंबाचा आहे आणि तो थोडक्यात असा. घरात एकच संगणक आहे. वडिलांचा अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलचा छोटा व्यवसाय असल्याने त्यांचा हिशेब त्यावर असतो, मुलगी महाविद्यालयाचे काम त्यावर करते आणि बाकीचे ऑनलाइन अर्ज भरतात. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली आहे आणि तिथल्या दोन प्रचंड फाइल कोणी तयार केल्या हे घरात कोणालाच ठाऊक नाही. डी ड्राइव्हवर अक्षरे आणि अंक यांची सरमिसळ असलेल्या लांबलचक नावाचे एक फोल्डर आहे, आणि ‘१०००३’ एवढेच नाव असलेले दुसरे. झेरॉक्सच्या दुकानातून परत आणलेल्या पेन ड्राइव्हवर स्वतःच्या फाइलऐवजी नुसते शॉर्टकट दिसतात, आणि त्या दिवसापासून संगणक सुरू झाल्यावर एक काळी चौकट क्षणभर उघडून मिटते. यातले काय पुसायचे?

तुम्ही लिहिलेल्या गोष्टींपैकी सी ड्राइव्हवरच्या दोन फाइल विंडोजच्या स्वतःच्या आहेत, लांबलचक नावाचे फोल्डर बहुधा निरुपयोगी उरलेसुरले आहे, ‘१०००३’ हे त्या संगणकावरचे सर्वांत मोलाचे फोल्डर असण्याची दाट शक्यता आहे, आणि खरा धोका त्या क्षणभर दिसणाऱ्या चौकटीमागे आहे, जिच्या फाइलचा आकार कदाचित काही किलोबाइटच असेल. म्हणजे नाव विचित्र आहे किंवा आकार मोठा आहे एवढ्यावरून निर्णय घेतला असता, तर पुसायला नको ते पुसले गेले असते आणि घातक वस्तू जागेवरच राहिली असती. म्हणून फाइल कुठे आहे, कधी आली, कोणी बनवली आणि आत्ता तिला कोणता प्रोग्राम वापरतो आहे, या चार प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत डिलीटच्या कळीला हात लावू नये, असे मी सर्वांना आग्रहाने सांगतो.

त्याहीआधी एक काम करा. वडिलांचा हिशेब, मुलीचे काम, फोटो आणि स्कॅन केलेले कागद हे सर्व एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या आणि उतरवून झाल्यावर ती डिस्क संगणकापासून काढून ठेवा. ती जोडलेलीच राहिली, तर फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम मूळ फाइलसोबत बॅकअपही कुलूपबंद करतो. संगणकात संसर्ग असल्याची शंका असल्याने या वेळी फक्त कागदपत्रे, फोटो आणि हिशेब उतरवावेत. सॉफ्टवेअरच्या फाइल घेऊ नयेत.

आता ओळख पटवण्याची तयारी. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ या यादीत फाइलचे एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटी डॉटनंतर येणारी, फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरे) दाखवणारी आणि लपवलेल्या वस्तू दाखवणारी अशा दोन्ही खुणा चालू करा. विंडोज मुळात एक्स्टेन्शन लपवून ठेवते, आणि त्यामुळे ‘बिल डॉट पीडीएफ डॉट एक्झी’ ही फाइल, म्हणजे खरे तर एक प्रोग्राम, नुसती ‘बिल डॉट पीडीएफ’ अशी दिसते. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाच्या विषाणूने जगभर जो धुमाकूळ घातला, तो याच सोयीवर: पत्रासोबतची फाइल साध्या मजकुराची दिसत होती आणि तिची खरी शेवटची अक्षरे व्हीबीएस ही होती, म्हणजे ती संगणकाला आज्ञा देणारी स्क्रिप्ट होती. एवढी वर्षे लोटली तरी ही सेटिंग अजून मुळात बंदच येते, हे मला पटत नाही. घरातल्या प्रत्येक संगणकावर ती पहिल्याच दिवशी बदलून घ्यावी.

सी ड्राइव्हच्या मुळाशी असलेल्या त्या दोन मोठ्या फाइलची नावे पेजफाइल डॉट सिस आणि हायबरफिल डॉट सिस अशी असतील. पहिलीत विंडोज रॅममध्ये न मावणारी माहिती तात्पुरती ठेवते. ती विंडोजच सांभाळते आणि तिला हात लावण्याचे काही कारण नाही. दुसरी हायबरनेटसाठी, म्हणजे रॅममधील सर्व स्थिती डिस्कवर उतरवून संगणक बंद करण्यासाठी असते आणि विंडोज १० पासून तिचा आकार साधारण रॅमच्या ४० टक्के ठेवलेला असतो. ८ गिगाबाइट रॅम असेल तर सुमारे ३.२ गिगाबाइट. तुम्ही हायबरनेट कधीच वापरत नसाल, तर ही फाइल थेट न पुसता प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून ‘पॉवरसीएफजी’, मग जागा सोडून ‘तिरकी रेघ एच’, मग जागा सोडून ‘ऑफ’ अशी आज्ञा (powercfg /h off) द्यावी. विंडोज स्वतःच ती काढून टाकते. मात्र त्यासोबत फास्ट स्टार्टअपही बंद होते आणि संगणक सुरू व्हायला थोडा अधिक वेळ लागतो. घरात यूपीएस असेल आणि वीज गेल्यावर काम अर्धवट सोडून उठावे लागत असेल, तर ही सोय ठेवावी असे माझे मत आहे.

लांबलचक नावाच्या फोल्डरचा उगम बहुधा एखाद्या इन्स्टॉलरमध्ये आहे. मायक्रोसॉफ्टचे काही इन्स्टॉलर आपले सामान ज्या ड्राइव्हवर जास्त मोकळी जागा असेल तिथे उलगडतात, त्या फोल्डरला आपोआप तयार झालेले नाव देतात आणि काम संपल्यावर ते काढून टाकतात. मध्येच वीज गेली किंवा संगणक बंद केला की ते तसेच राहते. आत एमआरटी या अक्षरांनी सुरू होणारी फाइल असेल, तर ते मायक्रोसॉफ्टच्या घातक सॉफ्टवेअर काढणाऱ्या मासिक साधनाचे अवशेष आहेत. ड्राइव्हच्या मुळाशी ‘१०३३’ हा आकडा नावात असलेल्या काही लहान फाइल सुट्या पडलेल्या असतील, तर त्या व्हिज्युअल सी प्लस प्लस २००८ च्या इन्स्टॉलरने चुकून मागे सोडलेल्या असतात. १०३३ हा अमेरिकी इंग्रजी भाषेचा सांकेतिक क्रमांक आहे. अशा फोल्डरची तारीख जुनी असेल, आतल्या फाइलवर मायक्रोसॉफ्टची डिजिटल स्वाक्षरी (फाइल कोणी बनवली हे सांगणारी खूण) असेल आणि रीस्टार्टनंतर त्यात काही बदलत नसेल, तर ते पुसायला हरकत नाही. परवानगी नाकारली गेली म्हणून घाबरू नये. ते फोल्डर प्रशासकाच्या नावाने तयार झालेले असते एवढाच त्याचा अर्थ असतो.

‘१०००३’ बद्दल मात्र मला थांबून सांगायचे आहे, कारण चाटी गल्लीतल्या दुकानापासून टॉवेलच्या कारखान्यापर्यंत सर्वत्र याच फोल्डरवर संकट येते. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर आपल्या प्रत्येक कंपनीचा डेटा कंपनीच्या नावाने ठेवत नाही, तर पाच किंवा सहा आकडी क्रमांकाच्या फोल्डरमध्ये ठेवते. आत डॉट ९०० अशा शेवटाच्या फाइल दिसल्या तर तो टॅली ईआरपी ९ चा डेटा आहे, आणि डॉट १८०० दिसल्या तर टॅली प्राइमचा. या फाइल दुसऱ्या कोणत्याही प्रोग्राममध्ये उघडत नाहीत, त्यांचे चिन्ह कोरे असते, आणि म्हणून साफसफाईला बसलेल्या तरुण मुलांना त्या कचरा वाटतात. वडिलांना न विचारता हे फोल्डर हलवूसुद्धा नये. ‘१०००३’ हे जुन्या वर्षाचे असेल आणि चालू हिशेब दुसऱ्या क्रमांकात असेल, तरीही जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाच्या वह्या आणि नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवायच्या असतात, आणि संगणकावरचा हिशेब हीच ती वही आहे. जागाच हवी असेल तर टॅलीच्या स्वतःच्या बॅकअप सोयीने प्रत काढावी, ती दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करून उघडते का हे पाहावे, आणि त्यानंतरच कर सल्लागाराशी बोलून मूळ फोल्डरचा विचार करावा.

याच जातीच्या आणखी काही फाइल सोलापुरात हमखास सापडतात. जॅकार्डच्या मागासाठी तयार केलेल्या नक्षीच्या फाइल जेसी५ किंवा ईपी अशा एक्स्टेन्शनच्या असतात. त्या घरच्या संगणकावर उघडणार नाहीत, पण एका चादरीच्या नक्षीची सारी मेहनत त्यात असू शकते. तसेच युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली जुनी पत्रे, मंडळाच्या अहवालांच्या फाइल किंवा लग्नपत्रिका आज उघडल्या तर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा अर्थहीन गुंता दिसतो. ती फाइल बिघडलेली नसते आणि विषाणूनेही गुंतवलेली नसते. ज्या फॉन्टमध्ये ती लिहिली तो फॉन्ट आता संगणकावर नाही. श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी यांपैकी योग्य फॉन्ट बसवला की मजकूर वाचता येतो, आणि तो युनिकोडमध्ये बदलणारी साधनेही मिळतात. आजोबांनी टाइप करून घेतलेली वंशावळ अशा रीतीने कचऱ्यात जाताना मी पाहिली आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

एक्स्टेन्शनच नसलेली फाइल समोर आली तर तिची एक प्रत काढावी आणि ती प्रत नोटपॅडमध्ये उघडावी. नोटपॅड फाइल फक्त वाचते, चालवत नाही. बाकी सारा गुंता दिसला तरी पहिली एक-दोन अक्षरे बोलकी असतात. पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या खुणेनंतर पीडीएफ या अक्षरांनी होते. झिप आणि आजच्या वर्ड, एक्सेलच्या फाइल पीके या अक्षरांनी सुरू होतात. आणि एमझेड या अक्षरांनी सुरू होणारी फाइल विंडोजवर चालणारा प्रोग्राम असतो, तिचे नाव काहीही असो. फोटोच्या नावाची फाइल एमझेडने सुरू होत असेल, तर ती फसवणूक आहे हे निश्चित समजावे. काही शे मेगाबाइटच्या फाइलवर हा प्रयोग करू नये. नोटपॅड अडकून बसते.

आता पेन ड्राइव्ह आणि काळी चौकट. या दोन तक्रारी वेगळ्या नाहीत. ज्या संगणकावर दिवसभर शेकडो पेन ड्राइव्ह लागतात तिथे शॉर्टकट बनवणारा विषाणू सहज वस्ती करतो. तो तुमच्या खऱ्या फाइल लपवतो, किंवा नाव कोरे दिसणाऱ्या एका फोल्डरमध्ये सारतो, आणि प्रत्येकीच्या जागी तिच्याच नावाचा शॉर्टकट ठेवतो. तो शॉर्टकट उघडला की आधी विषाणूची स्क्रिप्ट चालते आणि मग खरी फाइल उघडते, त्यामुळे कोणाला संशय येत नाही. पूर्वी पेन ड्राइव्ह लावताच ऑटोरनमुळे प्रोग्राम आपोआप चालत असे. विंडोज ७ मध्ये ती वाट बंद झाली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजसाठीही तसेच अपडेट दिले. त्यानंतर विषाणूला माणसाकडून एक डबल क्लिक मिळवावी लागते आणि शॉर्टकट हे त्याचे साधन आहे. तुमच्या घरात ती क्लिक झालेली आहे, आणि रोज दिसणारी काळी चौकट ही त्या स्क्रिप्टचीच असावी.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी संगणक, मग पेन ड्राइव्ह. संगणक स्वच्छ होण्याआधी पेन ड्राइव्ह कितीही वेळा साफ केला तरी तो पुन्हा बिघडेल. इंटरनेटची जोडणी काढा. विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन स्कॅनच्या पर्यायांतून मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचे ऑफलाइन स्कॅन निवडा. संगणक रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण उभे राहण्याआधी, साधारण १५ मिनिटांत, तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून राहणारे प्रोग्रामही सापडतात. त्यानंतर मायक्रोसॉफ्टचेच ऑटोरन्स हे मोफत साधन दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून उतरवून चालवा. संगणक सुरू होताना जे काही आपोआप चालते ते सर्व त्यात एकाच ठिकाणी दिसते. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नोंदी लपवण्याचा पर्याय निवडला की यादी आटोपशीर होते, आणि मग स्क्रिप्ट चालवणाऱ्या डब्ल्यूस्क्रिप्टच्या साहाय्याने एखादी व्हीबीएस किंवा जेएस फाइल चालवणारी नोंद, किंवा अ‍ॅपडेटा या, प्रोग्राम आपली माहिती ठेवतात त्या फोल्डरमधल्या अर्थहीन नावाच्या एक्झीची नोंद ठळक दिसते. ठरलेल्या वेळी प्रोग्राम चालवणाऱ्या टास्क शेड्यूलरचे पान विसरू नका. आजकाल बहुतेक वेळा नोंद तिथेच असते.

अ‍ॅपडेटामध्ये लिहायला प्रशासकाची परवानगी लागत नाही, म्हणून घातक प्रोग्रामना ती जागा आवडते. पण झूमसारखे प्रामाणिक प्रोग्रामही तिथेच राहतात, तेव्हा केवळ जागेवरून दोष देऊ नये. तारीख पाहा: ती फाइल पेन ड्राइव्ह लावला त्याच दिवशी, त्याच वेळी तयार झाली आहे का? तारखा बदलता येतात, त्यामुळे हा पुरावा एकटा पुरेसा नाही, पण दिशा नक्की मिळते. प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल स्वाक्षरीचे पान आहे का आणि त्यावरचे नाव ओळखीचे आहे का तेही पाहा. कर सल्लागारांच्या संगणकावर जीएसटीच्या पोर्टलसाठी लागणारा ईएमसाइनर पार्श्वभूमीला चालत असतो आणि तो अनोळखी म्हणून काढला जातो. मग विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी डिजिटल सही होत नाही. विंडोजच्या सेवा चालवणाऱ्या एसव्हीसीहोस्ट या नावाच्या प्रोग्रामच्या अनेक प्रती टास्क मॅनेजरमध्ये दिसणे अगदी स्वाभाविक आहे. त्यांचे ठिकाण विंडोजच्या सिस्टम३२ मध्ये असले पाहिजे, आणि तेच नाव अ‍ॅपडेटामध्ये किंवा डाउनलोड्समध्ये आढळले तर तो सोंग घेतलेला प्रोग्राम आहे.

शंका उरली तर इंटरनेट पुन्हा जोडून व्हायरसटोटल या संकेतस्थळावर तपासणी करता येते. २०१२ पासून ते गूगलकडे आहे आणि तिथे एकाच फाइलवर अनेक अँटिव्हायरसचे मत मिळते. इथे एक काळजी घ्यावी. तिथे चढवलेली फाइल सुरक्षा क्षेत्रातील इतरांना उपलब्ध होते, त्यामुळे आधार, सातबारा, विवरणपत्र असे काही कधीही चढवू नये. फाइल न चढवताही काम होते: कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सर्टयुटिल’, ‘वजा हॅशफाइल’, फाइलचे नाव आणि ‘एसएचए२५६’ अशी आज्ञा (certutil -hashfile फाइलचे नाव SHA256) दिल्यावर त्या फाइलची ठरावीक लांबीची अंकाक्षरी खूण मिळते, आणि तीच तिथे शोधता येते. ७० च्या आसपास तपासण्यांपैकी एकदोघांनीच दोष दाखवला तर तो चुकीचा इशारा असू शकतो. नामांकित अशा अनेकांनी दाखवला तर खात्री धरावी.

खात्री पटल्यावरही ऑटोरन्समधली नोंद आधी पुसू नका, तिच्यापुढची खूण काढा. रीस्टार्ट करा. काळी चौकट आली नाही आणि घरातले प्रत्येक काम, छपाई, टॅली, डिजिटल सही, नीट चालले, तर नोंद आणि फाइल दोन्ही काढा. खूण परत घालता येते, पुसलेली नोंद परत आणणे कठीण असते. इतके करूनही चौकट परत येत असेल, तर बॅकअप जवळ असल्याने विंडोज नव्याने बसवणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, आणि मी तो कमीपणाचा मानत नाही.

यानंतर पेन ड्राइव्ह. तो उघडताना शॉर्टकटवर क्लिक करायची नाही. लपवलेल्या फाइलवर सिस्टमचीही खूण असल्याने प्रॉपर्टीजमधून ती निघत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये पेन ड्राइव्हच्या अक्षरावर जाऊन ‘अ‍ॅट्रिब’ ही आज्ञा ‘वजा एच’, ‘वजा आर’, ‘वजा एस’, मग ‘तारा डॉट तारा’, आणि शेवटी ‘तिरकी रेघ एस’, ‘तिरकी रेघ डी’ अशी (attrib -h -r -s *.* /s /d) द्यावी. फाइल दिसू लागल्या की फक्त कागदपत्रे आणि फोटो उचलावेत आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करावा. यापुढे झेरॉक्सच्या दुकानासाठी एक स्वतंत्र रिकामा पेन ड्राइव्ह ठेवावा आणि त्यावर छापायच्या पीडीएफखेरीज काही असू नये.

उरलेल्या गोष्टी लवकर सांगता येतील. विंडोज डॉट ओल्ड हे फोल्डर मोठ्या अपडेटनंतर मागे राहते आणि साधारण १० दिवसांनी आपोआप जाते. घाई असेल तर सेटिंग्जमधील स्टोरेजच्या तात्पुरत्या फाइलच्या पानावरून काढावे. विनएसएक्सएस आणि विंडोजमधील इन्स्टॉलर ही फोल्डरे हाताने कधीही रिकामी करू नयेत. पहिल्याचा आकार दिसतो तेवढा खरा नसतो, कारण एकच फाइल अनेक ठिकाणी जोडलेली असून ती पुन्हा पुन्हा मोजली जाते, आणि दुसरे रिकामे केले की पुढे प्रोग्राम काढताही येत नाही आणि अपडेटही होत नाही. फाउंड डॉट ००० सारख्या नावांची फोल्डरे, सीएचके एक्स्टेन्शनच्या फाइल, या वीज गेल्यानंतर डिस्क तपासणीने गोळा केलेले तुकडे असतात. काही हरवले नसेल तर पुसावेत. वर्डची फाइल उघडी असताना शेजारी दिसणारी, लाटेची आणि डॉलरची खूण असलेली छोटी फाइल वर्ड बंद केल्यावर आपोआप जाते. तात्पुरत्या फाइलच्या पानावर डाउनलोड्ससमोर खूण करण्याआधी ते फोल्डर उघडून पाहावे, कारण बहुतेक घरांत पावत्या आणि प्रवेशपत्रे तिथेच पडून असतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अमुक नावाची फाइल संगणकात असेल तर ताबडतोब पुसा’ असा निरोप आला तर काहीही पुसू नका. २००१ मध्ये सल्फएनबीके आणि २००२ मध्ये जेडीबीजीएमजीआर या विंडोजच्या निर्दोष फाइलबद्दल असेच ईमेल जगभर फिरले. दुसरीचे चिन्ह अस्वलाच्या बाहुलीचे असल्याने लोकांना ते खरे वाटले आणि असंख्य लोकांनी स्वतःच्या हाताने त्या पुसल्या.

फाइलच्या नावांपुढे अनोळखी अक्षरे चिकटून सर्व फोटो आणि कागद उघडेनासे झाले असतील आणि प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची मजकुराची फाइल असेल, तर ते खंडणीचे प्रकरण आहे. चोरलेल्या सॉफ्टवेअरच्या क्रॅकमधून स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाचे हे कुटुंब घराघरांत शिरले आहे. कुलूपबंद फाइल पुसू नका, पैसेही देऊ नका. युरोपोल आणि डच पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांसोबत २०१६ मध्ये सुरू केलेल्या नो मोअर रॅन्सम या संकेतस्थळावर काही प्रकारांसाठी मोफत किल्ल्या मिळतात, आणि आज नसलेली किल्ली उद्या येऊ शकते.

तुमच्या संगणकावर विंडोज १० असेल तर त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे साफसफाईसोबत विंडोज ११ चालते का हेही तपासून घ्या. आपल्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्रावर मोफत तपासणी साधने आहेत, तीही वापरता येतील. आणि ती स्क्रिप्ट चालू असलेल्या काळात या संगणकावरून ज्या ज्या खात्यांत प्रवेश केला असेल, विशेषतः बँक, ईमेल आणि जीएसटी, त्या सर्वांचे पासवर्ड मोबाइलवरून किंवा दुसऱ्या स्वच्छ संगणकावरून आजच बदला. खात्यातून अनोळखी रक्कम गेलेली दिसली तर संगणकाचे काम बाजूला ठेवून आधी बँकेला कळवा आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा.